इंजिनीअरिंग सोडून पुन्हा नीटला बसू का?

सर,

मी कोल्हापूरची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उद्यमनगरात पप्पांचं छोटं मशीन शॉप आहे: दोन लेथ, एक मिलिंग आणि एक म्हातारं शेपर. आई-पप्पा दोघंही दिवसभर शॉपमध्ये, त्यामुळे मला आत्यानंच वाढवलं. आत्याला मिश्रीची सवय होती. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता, तो तिनं वर्षभर कुणाला दाखवला नाही. निदान झालं तेव्हा गाठ मानेत उतरली होती. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन सुरू झालं. मध्येच मशीन बंद पडलं. नऊ दिवस आम्ही रोज सकाळी जायचो आणि ‘आज नाही’ ऐकून परत यायचो. मार्चमध्ये आत्या गेली.

तेव्हापासून वर्गात बसवत नाही. गिअर ट्रेनची गणितं सोडवताना वाटतं, याचा कुणाला काय उपयोग? मला कॅन्सरवर काम करायचंय. कॉलेज सोडून नीटची तयारी करावी असं मनात आहे. पप्पा म्हणतात, तीन वर्षांची फी पाण्यात घालू नकोस. आमचे एक सर म्हणाले, मेकॅनिकलवाल्यांनी कॅन्सरचं काय करायचं, हॉस्पिटलचे एसी दुरुस्त करायचे? तुम्ही काय म्हणाल?

– भाची, कोल्हापूर

ता. क. शेवटी शेवटी आत्याचं तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायला सांगितली होती. काड्या भिजून मऊ पडायच्या, तिला किळस यायची. म्हणून मी शॉपमध्ये नायलॉनचे दोन चपटे चमचे आणि मध्ये स्क्रू असं काहीतरी करून दिलं होतं. ते ती शेवटपर्यंत वापरायची. हे असंच सांगितलं.

*

प्रिय भाची,

पत्र दोनदा वाचलं आणि ताजा कलम चारदा. ‘हे असंच सांगितलं’ असं लिहिलंयस, पण माझ्या मते तुझं खरं पत्र तेवढंच आहे. तिथे येतोच, आधी बाकीचं उरकतो.

आत्यांबद्दल पहिल्यांदा. ते नऊ दिवस तुझ्या डोक्यातून जात नाहीत, हे पत्रातच दिसतंय. खोटं बोलून तुझी समजूत काढत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनला खंड पडणं वाईटच. बुडालेल्या दर दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एखाद्या टक्क्यानं घटते, असं त्या क्षेत्रातले लोक धरून चालतात. म्हणून तर बुडालेले दिवस शनिवारी बोलावून किंवा एका दिवसात दोनदा डोस देऊन भरून काढतात. पण वर्षभर अंगावर काढलेला चट्टा आणि मानेत उतरलेली गाठ हे त्याच्या कितीतरी आधीचं होतं. आत्या त्या नऊ दिवसांमुळे गेल्या की नाही, हे गणित तुलाही सुटणार नाही आणि त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. रात्री ते मांडत बसत असशील, तर थांब.

आता तुझ्या सरांचा एसी. मी तीस वर्षं रुग्णालयांतली यंत्रं सांभाळली, त्यातली अकरा एका कॅन्सर रुग्णालयात. तिथलं लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मोठं यंत्र, एका मे महिन्यात रोज दुपारी दोनच्या सुमाराला हटकून बंद पडायला लागलं. सकाळी चालू, दुपारी बंद. कंपनीचा माणूस आला, त्यानं एक बोर्ड बदलला. मग दुसरा बदलला. बाहेर बाकावर पंधरावीस माणसं. कुणी जेवणाचे डबे घेऊन, कुणी नाकात नळी घालून. पाचव्या दिवशी आमचा एसीचा मिस्त्री कुणी न सांगता गच्चीवर गेला. लिनॅकला थंड पाणी पुरवणाऱ्या चिलरची जाळी कबुतरांच्या पिसांनी आणि धुळीनं गच्च भरली होती. दुपारचं ऊन चढलं की पाणी गरम व्हायचं आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायचं. त्यानं ब्रशनं जाळी घासली, पाईप लावून धुतली. त्या दिवशी शेवटच्या रुग्णाचा डोस रात्री पावणेनऊला झाला. तेव्हा एसी दुरुस्तीचा टोमणा सरांना साभार परत कर. त्या आठवड्यात आमच्याकडे कॅन्सरशी सगळ्यात कामाची झुंज कुणी दिली असेल, तर त्या मिस्त्रीनं.

नीटचा हिशेब एकदा कागदावर मांड. आज तू वीस-एकवीस. एक वर्ष तयारीचं, बरं गेलं तर. साडेपाच वर्षं एमबीबीएस, इंटर्नशिप धरून. तीन वर्षं एमडी किंवा एमएस, तीही जागा मिळाली तर. कॅन्सरमध्येच मुरायचं तर पुढे आणखी तीन. तेहतिशीला येशील. ज्याला रुग्णाच्या उशाशी उभं राहायचंय, ज्याला निदान आणि उपचार स्वतःच्या हातानं करायचेत, त्यानं ही वर्षं खुशाल द्यावीत. मला एवढंच विचारायचंय, तुला ते हवंय का? पत्रात कुठेही ‘मला रुग्ण तपासायचेत’ असं नाही. ‘मला कॅन्सरवर काम करायचंय’ असं आहे. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याकडे दुसऱ्या कामाला तोंडात नावच नाही, म्हणून मुलं पहिल्याच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

दुसऱ्या कामाचा एक नमुना अगदी तुझ्या गल्लीतला. आयआयटी मुंबईत मेकॅनिकल विभागात बी. रवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा मूळ विषय धातूचं ओतकाम. साच्यात रस कसा भरतो, कुठे आधी थिजतो, पोकळी कुठे राहते, हे संगणकावर आधीच कसं ओळखायचं. शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांच्या घरचा विषय. हा माणूस कॅन्सरकडे वळला तो गुडघ्यामार्गे. हाडाचा एक कॅन्सर आहे, ऑस्टिओसारकोमा. तो बहुतेक वाढत्या वयाच्या मुलामुलींना होतो, आणि पुष्कळदा गुडघ्याच्याच आसपास. पूर्वी सरळ पाय कापायचे. आता गाठीसकट हाडाचा तुकडा काढून तिथे कृत्रिम सांधा आणि हाड बसवता येतं. पण परदेशी सांध्याची किंमत ऐकून पालक पुन्हा पाय कापण्याकडे वळायचे. टाटा मेमोरियलचे सर्जन, आयआयटीचे मेकॅनिकलवाले आणि हैदराबादची अलोह धातूंवर काम करणारी एनएफटीडीसी ही संस्था यांनी मिळून देशी सांधा करायला घेतला.

त्यातले प्रश्न बघ. चौदा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडातली पोकळी केवढी? दांडा त्यात किती घट्ट बसवायचा? फार घट्ट झाला तर हाड चिरतं आणि सैल राहिला तर वर्षभरात हलायला लागतो. बिजागरी कुठल्या अक्षावर फिरली की मूल मांडी घालून बसू शकेल? आणि आपल्याकडे ते बसणारच. गोऱ्या देशातल्या डिझाइनमध्ये या प्रश्नाला जागाच नसते. पायरी चढताना धातूवर बळ कुठे एकवटतं, हजारो वेळा वाकल्यावर तडा कुठून जातो, हे तर तू चौथ्या सेमिस्टरला शिकलीयस. फक्त तिथे उदाहरण क्रँकशाफ्टचं होतं.

पुढे याच मंडळींनी २०१४ साली आयआयटीत ‘बेटिक’ नावाचं वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं केलं. महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचा त्याला आधार होता, आणि पुण्याच्या सीओईपीत व नागपूरच्या व्हीएनआयटीत, या इंजिनीअरिंगच्या संस्थांतही, त्याच्या शाखा निघाल्या. तिथली रीत मला फार आवडते. आधी इंजिनीअरला रुग्णालयात नेऊन बसवायचं, डॉक्टरांचं अडतंय कुठे ते बघू द्यायचं, मग कागद-पेन्सिल हातात द्यायची. आपल्या कॉलेजांत उलटं चालतं. आधी आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड विकत आणायचा, मग त्याला शोभेल असा आजार शोधायचा.

तू पेपरात वाचलं असशील ते मोठं नाव म्हणजे कार-टी. तेही आयआयटी मुंबई आणि टाटाचंच. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांत एक नवा जीन घालायचा, म्हणजे त्या पेशींवर कॅन्सरपेशी ओळखणारा एक हूक उगवतो. मग त्यांची पैदास करायची, गोठवायच्या आणि पुन्हा रुग्णाच्या शिरेत सोडायच्या. राहुल पुरवार यांची आयआयटीतली प्रयोगशाळा, टाटाचे हसमुख जैन आणि गौरव नरुला यांच्यासारखे डॉक्टर, आणि आयआयटीतच वाढलेली इम्युनोॲक्ट ही कंपनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या त्यांच्या उपचारपद्धतीला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंच्या हस्ते पवईला तिचं लोकार्पण झालं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, सगळे इलाज थकलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांमध्ये तिचा परिणाम दिसला.

लोकांना यातली जीवशास्त्राची जादू दिसते. मला दिसते ती उत्पादनाची डोकेदुखी. हे औषध गोदामात ठेवता येत नाही. प्रत्येक रुग्णाची बॅच वेगळी, कच्चा माल त्याच्याच अंगातला, तोही आजारानं आणि केमोनं खंगलेला. एक पिशवी दूषित झाली किंवा दुसऱ्याची पिशवी याला लागली, तर संपलंच. पिशवी कुठली, कुणाची, किती वाजता कुठल्या तापमानाला होती, याची साखळी एका जागीही तुटता कामा नये. पप्पांच्या शॉपमध्ये एक जॉब बिघडला तर दुसरा बार लावता येतो, इथे दुसरा बार नाही. अमेरिकेत २०१७ साली अशी पहिली उपचारपद्धती बाजारात आली तेव्हा तिची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपली साधारण चाळीस लाखांच्या घरात सुरू झाली. फरक मोठा आहे आणि त्याचं कौतुक करावंच. पण उद्यमनगरातल्या किती घरांत चाळीस लाख आहेत, हेही बोलू. आणि ही पद्धत रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे, आत्यांना झाला तसल्या घट्ट गाठीच्या कॅन्सरसाठी नव्हे. किंमत आणखी उतरवणं हे काम अजून व्हायचंय, आणि ते निम्मंशिम्मं तरी इंजिनीअरांचं आहे.

परदेशातली दोन-तीन माणसं भराभर सांगतो, कारण तुझ्या सरांना नावं लागतील. राकेश जैन. कानपूर आयआयटीचे १९७२ चे केमिकल इंजिनीअर. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी अमेरिकेत एका प्रश्नावर काढलं: रक्तात घातलेलं औषध गाठीच्या पोटात का पोचत नाही? उत्तर प्लंबिंगचं निघालं. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या आणि वेड्यावाकड्या, त्यामुळे आतला दाब इतका चढतो की औषध आत शिरतच नाही. त्या वाहिन्या मारून टाकण्याऐवजी आधी ठीकठाक करा, मग औषध द्या, असं ते सांगू लागले तेव्हा पुष्कळांना ते उफराटं वाटलं. २०१६ साली त्यांना ओबामांच्या हातून राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. हातात काय होतं? फ्लुइड मेकॅनिक्स. तुझ्याकडे आहे ते.

संगीता भाटिया यांचं तर तुला मुद्दाम सांगतो. भारतीय आईबापांची ही मुलगी शाळेत असताना वडील तिला एमआयटीतल्या एका ओळखीच्या माणसाकडे घेऊन गेले. तिथे अल्ट्रासाउंडनं गाठी तापवून मारायचे प्रयोग चालले होते. ते पाहून ती इंजिनीअरिंगकडे गेली. तिनं एमआयटीतून मेकॅनिकलमध्ये एमएस केलं, पीएचडी केली आणि एमडीसुद्धा केलं. म्हणजे तू म्हणतेस तो रस्ताही बंद नाही. पण तिनं इंजिनीअरिंग टाकून मेडिकल नाही केलं, ते खांद्यावर घेऊन केलं. तिची प्रयोगशाळा असे सूक्ष्म कण बनवते की गाठीतली विकरं (एन्झाइम) त्यांचे तुकडे पाडतात आणि ते तुकडे लघवीतून बाहेर येतात. लघवी तपासून गाठीची चाहूल घ्यायची, असा तो बेत.

आणि तिसरी गोष्ट गंमतीची. मिशिगन विद्यापीठात झेन शू नावाची विद्यार्थिनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अल्ट्रासाउंडनं पेशी फोडता येतात का ते बघत होती. डुकराच्या हृदयाच्या तुकड्यावर प्रयोग. तिच्या ॲम्प्लिफायरचा आवाज इतका कर्कश की शेजारी काम करणारे वैतागले. त्यांचा त्रास वाचावा म्हणून तिनं सेकंदाला जाणारे ठोके वाढवले, म्हणजे कानाला कमी टोचेल. आवाजाचं निमित्त झालं आणि मिनिटभरात मांसाला भोक पडलं. तेच आज हिस्टोट्रिप्सी. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत यकृतातल्या गाठींसाठी तिला मान्यता मिळाली. चाकू नाही, रेडिएशन नाही, गाठीत बुडबुडे उठवून तिचा लगदा करायचा. ही वाट सापडली ती शेजाऱ्यांची कटकट ऐकून घेतल्यामुळे. ज्याच्या प्रयोगशाळेला शेजारच नाही, त्यानं काय करावं?

आपल्याकडे शेजार जुना आहे, हेही सांगायला हवं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ सालचं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. त्यामुळे कॅन्सरचे डॉक्टर आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे इंजिनीअर एकाच खात्याचे नोकर झाले. त्यातून पुढे ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टच्या किरणांनी रेडिएशन देणारं देशी यंत्र निघालं. पहिलं खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रात बसलं, एक आपण व्हिएतनामलाही दिलं. कोबाल्ट यंत्र लिनॅकइतकं नखरेल नसतं, त्याला वीज-पाण्याचे लाड लागत नाहीत. त्याची कटकट वेगळी: कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो, की डोसाला वेळ दुप्पट लागतो आणि बाहेरची रांग वाढते. लिनॅक अधिक नेमकं, यात वाद नाही. पण जिथे दुरुस्तीचा माणूस यायला चार दिवस लागतात तिथे कुठलं यंत्र अधिक माणसं वाचवेल, यावर मी कित्येक डॉक्टरांशी भांडलोय. अजून भांडेन.

एक मात्र सांभाळ. इंजिनीअर माणूस यंत्राच्या प्रेमात पडतो, आणि कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त माणसं वाचवणारी गोष्ट पुष्कळदा दिसायला अगदीच रुक्ष असते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ गावसमूहांतल्या १,३१,००० हून अधिक बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या त्या बायकांपैकी एका गटाची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदा, फक्त एकदा, एचपीव्ही तपासणी केली, म्हणजे तो कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची. आठ वर्षांनी पाहिलं, तर ज्यांना ती तपासणी मिळाली त्यांच्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू न मिळालेल्यांच्या जवळपास निम्मे होते. २००९ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे रोबो नव्हता. जीप होती, नर्स होत्या, घरोघर जाऊन बायकांना ‘चला’ म्हणणाऱ्या बायका होत्या. आता या चित्रात इंजिनीअरचं काम शोध. नमुना उन्हात टिकेल का? तपासणी शंभर-दीडशे रुपयांत बसेल का? बाईला स्वतःच नमुना घेता येईल असा ब्रश कसा असावा? पेपरात फोटो येणार नाही अशी ही कामं आहेत.

(मिश्रीच्या डब्यावर मात्र मला कुठलंही यंत्र सुचलेलं नाही. माझी आजी तव्यावर मिश्री भाजायची, त्या वासानं आम्ही पोरं बाहेर पळायचो. ती दात घासायला म्हणून घ्यायची, असं सगळे म्हणायचे. दिवसातून सहा वेळा कोण दात घासतं?)

आता तुझा ताजा कलम.

तोंड न उघडणं याला डॉक्टर ट्रिसमस म्हणतात. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं की तो धरतात. साधी ओळख म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू आखडतात, त्यात तंबाखू-सुपारीवाल्यांचा गाल आधीच चामड्यासारखा झालेला असतो. मग घास जात नाही, दात घासता येत नाहीत, डॉक्टरला आत बघताही येत नाही. गाठ गेली तरी माणूस पातळ पेजेवर राहतो. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर किती आहे ते तुला ठाऊक आहे. त्यावर परदेशी उपकरणं मिळतात, महाग. म्हणून काड्या. आज एक, आठवड्यानं आणखी एक. माझ्या अकरा वर्षांत मी त्या काड्या शेकडो रुग्णांच्या तोंडात पाहिल्या. कुणाशी दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून ते त्या काढून हातात धरायचे. आणि एवढं पाहूनही ‘याचं काहीतरी करावं’ हे मला एकदाही सुचलं नाही. मी माझ्या लिनॅकच्या आसपास. तू वीस वर्षांची पोर, कुणी मार्क देणार नव्हतं, तरी लेथवर बसलीस.

तेव्हा कॉलेज सोडू नकोस. ते स्क्रूचं उपकरण हाच तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प.

पण घाई नको, त्यात धोके आहेत. रेडिएशन खाल्लेल्या जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो. स्क्रूनं जोर जास्त झाला, दात हलला किंवा हिरडी फाटली, तर ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही आणि हाड कुजू शकतं. आत्यांना काही झालं नाही, हे तुमचं नशीब. दुसऱ्या कुणाला ते असंच देऊ नकोस, शेजारच्या काकूंनी कितीही गळ घातली तरी. आधी तोंडाच्या कॅन्सरचं काम करणारा सर्जन किंवा दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट गाठ. रुग्णावर वापरून बघायचं तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि विकायचं झालं तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली नोंदणी. ते सगळं नंतर. आत्ता टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यावर करण्यासारखं भरपूर आहे.

नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. उद्यमनगरात डेलरीन या प्लास्टिकचे बार मिळतात, ते बघ. निर्जंतुकीकरण कसं करणार? घरी उकळत्या पाण्यात टाकलं तर वाकतं का? जोर फक्त पुढच्या दातांवर येतो की दाढांवर वाटला जातो? दातच नसलेल्या म्हातारीचं काय? तिच्या बोटांत ताकद किती, स्क्रूची मूठ केवढी मोठी हवी म्हणजे ती स्वतः फिरवू शकेल? आणि सगळ्यात मोलाचं: ठरावीक जोराच्या पुढे स्क्रू आपोआप घसरला पाहिजे, टॉर्क रेंच कट्‌ करून सुटतो तसा. ही एक गोष्ट जमवलीस तर डॉक्टर तुझं ऐकून घेतील. काटा लावून जोर मोज, तक्ता कर. तक्ता घेऊन गेलेल्या पोरीला ओपीडीत बसायला जागा मिळते. नुसती तळमळ घेऊन गेलेल्याला सिस्टर बाहेर थांबायला सांगतात, आणि त्यांचं चूक नसतं.

पुढच्या वाटा थोडक्यात. गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा दे. २०२० पासून त्यात बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, पण मेकॅनिकलचा देऊनही काही ठिकाणी बायोमेडिकलच्या एमटेकला अर्ज करता येतो. नियम दर वर्षी हलतात, माहितीपत्रक स्वतः वाच, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. सीओईपीच्या किंवा पवईच्या बेटिककडे उन्हाळी कामासाठी पत्र टाक आणि सोबत ड्रॉइंग जोड. बंगळूरच्या विज्ञान अकादमीची उन्हाळी शिष्यवृत्ती असते, तिच्या अर्जाच्या तारखांवर दिवाळीपासूनच लक्ष ठेव. कुणी म्हणेल मेडिकल फिजिक्सला जा. तो रस्ता भौतिकशास्त्राच्या एमएस्सीवाल्यांचा, तुझा नाही.

आणि खरंच दोन वर्षांनी, पदवी हातात आल्यावर, ओपीडीत बसून बसून वाटलं की मला यंत्रापेक्षा माणूसच तपासायचाय, तर नीट तेव्हाही असेल. तिला वयाची वरची मर्यादा नाही. मार्चमध्ये माणूस गेलंय आणि अजून वर्षही झालेलं नाही. एवढ्यात असले मोठे निर्णय घ्यायचे नसतात, असं आमच्याकडे वडीलधारे सांगायचे. वर्गात बसवत नसेल तर काही दिवस बसू नकोस, शॉपमध्ये जा. रात्र रात्र झोप येत नसेल तर मात्र घरच्या डॉक्टरांना सांग, ते अंगावर काढू नकोस.

पप्पांना माझा नमस्कार सांग. फी पाण्यात जात नाहीये, एवढं त्यांना कळव, आणि रविवारी अर्धा दिवस छोटा लेथ तुझ्यासाठी मोकळा ठेवायला सांग.

ड्रॉइंग पाठव, हातानं काढलेलं चालेल. त्या स्क्रूचा पिच किती ठेवला होतास? बारीक ठेवला असशील तर आत्यांना बोटभर उघडायला फार वेळा फिरवावा लागला असणार, आणि जाड असेल तर एका वेढ्यात भलताच जोर आला असणार. काय केलं होतंस, ते कळव.